इंजिन बदलले, गाडी तीच?

प्रत्येक गाडीच्या आरसीवर दोन नंबर असतात. एक चेसिसचा, दुसरा इंजिनचा. गाडी विकायला काढली की घेणारा आधी रंग बघतो, टायर बघतो, मीटर किती पडलाय ते बघतो, आणि व्यवहार पुढे सरकायला लागला की हे दोन नंबर कागदाशी ताडून पाहतो. घाटकोपरच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर, ज्याला जुनी माणसे अजून आग्रा रोड म्हणतात, जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्याला एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो: ‘‘इंजिन खोललंय का?’’ साध्या हॅचबॅकच्या बाबतीत उत्तर ‘हो’ असले तर थोडी घासाघीस होते आणि गाडी जाते. पोर्शे किंवा फेरारीच्या बाबतीत ‘खोललं नाही, अख्खं बदललं’ असे उत्तर आले, की समोरचा माणूस गप्प होतो. भावाची बोलणी मग पुन्हा पहिल्यापासून.

खरे तर गाडी सुधारलेली असते. झिजलेले इंजिन गेले, कारखान्यातून आलेले कोरे इंजिन बसले. ती आता जास्त पळेल, कमी तेल खाईल, मधेच दगा देणार नाही. तरी भाव पडतो. का पडतो, याचे उत्तर कोणताही दलाल अनुभवाने देईल: संशयामुळे. पण त्या संशयाच्या तळाशी एक फार जुना प्रश्न आहे. भाग बदलले तर वस्तू तीच राहते का? राहत असेल तर कशामुळे? या प्रश्नावर भारतातल्या तत्त्वचिंतकांनी दोन हजार वर्षे वाद घातला, आणि त्या वादातल्या दोन मोठ्या परंपरा घाटकोपर पूर्वेत आजही नांदतात. देरासर लेनमध्ये जैन मंदिर आहे आणि आजूबाजूला व्यापारी जैन कुटुंबांची दाट वस्ती. पूर्व द्रुतगती मार्गाला लागून माता रमाबाई आंबेडकर नगर आहे, जिथे बुद्धवंदना घराघरांत म्हटली जाते. गाडीच्या सौद्यात अडकलेल्या माणसाला दोन्हीकडून काहीतरी शिकण्यासारखे आहे.

आधी इंजिन मरते कसे ते पाहू. मुंबईत त्याचे एक कारण आभाळातून येते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. मिठी नदी फुगली, कुर्ल्यात माणसे गळ्याएवढ्या पाण्यातून चालत घरी गेली आणि शहरभर हजारो गाड्या बुडाल्या. २९ ऑगस्ट २०१७ला शहर पुन्हा असेच अडकले. पाण्यात बंद पडलेली गाडी चालू करून बघण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही, आणि घात तिथेच होतो. सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोल दाबायला वर येणारा पिस्टन पाण्यावर आदळतो. हवा दबते, पाणी दबत नाही. मग कनेक्टिंग रॉड वाकतो. वेग जास्त असेल तर तुटलेला रॉड क्रँककेस फोडून बाहेर येतो. स्पोर्ट्स कार जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच, त्यामुळे जे पाणी रिक्षा पार करते तेही तिला पुरते. साध्या विमा पॉलिसीत या नुकसानीला सहसा ‘परिणामी नुकसान’ ठरवून भरपाई नाकारली जाते. इंजिनाचे वेगळे संरक्षण घेतलेले असेल तरच पैसे मिळतात. म्हणून मुंबईच्या बाजारात इंजिन बदललेली गाडी म्हटले की घेणाऱ्याच्या मनात पहिले चित्र पुराचे येते. इंजिन तर नवे बसले; पण पाणी आणखी कुठे कुठे शिरले होते? वायरिंगमध्ये, सीटखालच्या कंट्रोल युनिटमध्ये, गिअरबॉक्समध्ये? भाव कापला जातो तो या न दिसणाऱ्या जागांसाठी.

कायद्याने या प्रश्नात स्वतःची एक भूमिका घेतलेली आहे. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२प्रमाणे कारखान्याने नोंदवलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला मनाने करता येत नाही, आणि इंजिन बदलले असेल तर चौदा दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. घाटकोपरची गाडी एमएच-०३, म्हणजे काम वडाळ्याच्या आरटीओत. मालकी बदलण्याच्या अर्जावर चेसिस नंबरचा पेन्सिल ठसा लागतो. पत्र्यावर कोरलेल्या आकड्यांवर कागद ठेवून पेन्सिल घासायची, आकडे कागदावर उमटतात. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व पुन्हा ठामपणे सांगितले, की कारखान्याने दिलेल्या मूळ तपशिलापासून गाडी दूर नेणारा बदल चालणार नाही. थोडक्यात, कायद्याच्या लेखी चेसिस म्हणजे गाडी, आणि इंजिन म्हणजे तिच्याविषयीची एक नोंद. नोंद बदलता येते, फक्त लपवता येत नाही.

हा तोडगा कामापुरता चांगला आहे, पण जरा खरवडले की खालून गुंता निघतो. इंजिन नंबर कोरलेला असतो क्रँककेसवर किंवा ब्लॉकवर, म्हणजे बाहेरच्या कवचावर. समजा, मेकॅनिकने आतले पिस्टन, क्रँकशाफ्ट, व्हॉल्व, बेअरिंग सगळे नवे घातले आणि कवच तेवढे जुने ठेवले. कागदावर इंजिन तेच. आता उलटे धरा. कवचाला तडा गेला म्हणून तेवढेच बदलले आणि आतला एकूण एक भाग जुनाच बसवला. कागदावर इंजिन दुसरे. पहिल्या गाडीत पळणारे जवळजवळ काहीच जुने उरलेले नाही, तरी तिला ‘मॅचिंग नंबर्स’ म्हणून पूर्ण भाव मिळतो. दुसऱ्या गाडीत पळणारे सगळे जुनेच आहे, तरी तिची किंमत घसरते. बाजार धातूला किंमत देतो असे वाटत असेल, तर या दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करून पाहाव्यात.

मिलिंद राजाला नागसेनाने हेच विचारले होते. मिनँडर हा इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातला इंडो-ग्रीक राजा, पाली ग्रंथांतला मिलिंद. त्याची राजधानी सागल म्हणजे आजचे सियालकोट, असे मानले जाते. भिक्खू नागसेन त्याला विचारतो, की महाराज, तुम्ही रथातून आलात, तर त्या रथातला रथ कोणता? आस म्हणजे रथ का? चाके? सांगाडा? जू? लगाम? प्रत्येकाला राजा ‘नाही’ म्हणतो. सगळे भाग मिळून? तेही नाही. भागांवाचून वेगळा काही रथ? तोही नाही. मग रथ आहे कुठे? राजा म्हणतो, या सगळ्या भागांच्या आधाराने ‘रथ’ हे नाव चालते, एवढेच. नागसेन म्हणतो, बरोबर समजलात, ‘नागसेन’ हे नावही तसेच.

मराठी वाचकाला ही गोष्ट परकी नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबादला जे महाविद्यालय उभारले, त्याला पुढे मिलिंदाचे नाव मिळाले आणि परिसराला नागसेनाचे: नागसेनवन. राजाने प्रश्न विचारावेत आणि भिक्खूने न घाबरता उत्तर द्यावे, हे नाते शिक्षणसंस्थेच्या नावात कायमचे कोरून ठेवावेसे वाटले, यावरून त्या संवादाचे मोल कळते. हा संवाद बौद्ध विचाराच्या गाभ्याशी आहे. गाडीच्या आत दडलेले असे एखादे ‘गाडीपण’ नसते, जे इंजिन काढल्यावर उडून जाईल किंवा चेसिसला धरून राहील. त्या अर्थाने ‘ही तीच गाडी आहे का’ हा प्रश्न विचारणारा माणूस नसलेली गोष्ट शोधतो आहे.

पण इथे थांबले तर विकणाऱ्याची फार सोय होते. काहीच कायम नसेल तर लपवले काय आणि सांगितले काय? नागसेनाने ही पळवाट आधीच बंद करून ठेवली आहे. हा संवाद ज्या पाली ग्रंथात आहे, त्यातच आंब्याच्या चोराची गोष्ट येते. चोर पकडला गेल्यावर म्हणतो, की याने लावली ती कोय वेगळी होती आणि मी घेतले ते आंबे वेगळे, मग मी याचे काय चोरले? नागसेन विचारतो, हा माणूस दोषी आहे की नाही? राजाला कबूल करावे लागते, की दोषी आहे, कारण हे आंबे त्या कोयीतूनच आले. वस्तू तीच नसली तरी एकातून दुसरी येण्याची साखळी असते, आणि जबाबदारी त्या साखळीवरून चालत येते. पाण्यात बुडालेले इंजिन भंगारात गेले म्हणून गाडी बुडाली होती ही गोष्ट भंगारात जात नाही. ती गाडीबरोबर पुढच्या मालकाकडे जाते, त्याला सांगितलेली असो वा नसो.

न्याय-वैशेषिक दर्शनाच्या विचारवंतांनी उलटी वाट धरली. त्यांच्या मते भागांपासून बनलेली वस्तू, म्हणजे अवयवी, ही भागांच्या बेरजेपेक्षा वेगळी, खरीखुरी असते. पण या मताची किंमत जबर आहे. कापडातला एक धागा ओढून काढला तर जुने कापड नष्ट झाले आणि उरलेल्या धाग्यांचे नवे कापड उत्पन्न झाले, असे त्यांना मानावे लागते. मग ‘हे तेच कापड’ अशी ओळख पटते कशी? दिव्याची ज्योत क्षणोक्षणी नवी असूनही सारखेपणामुळे ‘तीच’ वाटते, तशी. तर्क चोख आहे. पण या न्यायाने चालायचे तर वायपर बदलल्यावरही वडाळ्याला जाऊन नवी गाडी नोंदवावी लागेल. संग्राहकांचा बाजार मात्र नकळत याच मताच्या जवळ राहतो. फेरारी २५० जीटीओ १९६२ ते १९६४ दरम्यान फक्त ३६ बनल्या. त्यांपैकी एक २०१८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. या पातळीवर घेणारा इंजिन, गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल, प्रत्येकाचा नंबर तपासतो. त्याच्यासाठी एकेक धागा मोजलेला असतो.

आता देरासर लेनकडे. जैन दर्शनाचे उत्तर या दोघांच्या मधले, आणि व्यवहाराच्या सर्वांत जवळचे. जे ‘आहे’ त्यात तीन गोष्टी एकाच वेळी घडत असतात: काही उत्पन्न होते, काही नाहीसे होते, काही टिकते. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात, जे श्वेतांबर आणि दिगंबर दोघेही मानतात, असण्याची व्याख्याच या तिघांनी केली आहे: उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य. द्रव्य टिकते, पर्याय बदलतात. आचार्य समंतभद्रांनी आप्तमीमांसेत याला एक असा दाखला दिला, की तो जुन्या गाड्यांच्या बाजारासाठीच रचला असावा असे वाटते. सोन्याचा घट मोडून त्याचा मुकुट केला. ज्याला घट हवा होता तो दुःखी झाला. ज्याला मुकुट हवा होता त्याला आनंद झाला. ज्याला सोने हवे होते त्याचे काही बिघडले नाही. तिघेही एकाच घटनेकडे पाहत होते आणि तिघांचीही भावना खरी होती, कारण घट खरेच गेला, मुकुट खरेच आला आणि सोने खरेच तसेच राहिले.

हे तिघे गिऱ्हाईक घाटकोपरच्या कोणत्याही कार डीलरने पाहिलेले असतात. पहिला संग्राहक. त्याला कारखान्याच्या दारातून ज्या दिवशी बाहेर पडली त्या दिवसाची गाडी हवी. मूळ इंजिन गेले म्हणजे त्याचा घट फुटला; नवे कितीही चांगले असले तरी तो दुःखीच राहणार. दुसरा चालवणारा. पहाटे चारला पूर्व द्रुतगती मार्गावरून नाशिकच्या दिशेने निघावे, कसारा घाट चढावा आणि उन्हे चढायच्या आत परत यावे, एवढीच त्याची हौस. त्याला कारखान्याने हमीसह बसवलेले इंजिन म्हणजे लाभच. तिसऱ्याला गाडीच्या नावाशी आणि आकाराशी देणेघेणे. लाल रंग, पिवळा बिल्ला, दारात उभी. त्याचे सोने शाबूत आहे. इंजिन बदलल्याने भाव किती पडला, हा प्रश्न तिघांपैकी कोण समोर बसला आहे हे न ठरवता सोडवता येत नाही. भारतात अशा गाड्यांचे गिऱ्हाईक मोजके, आणि तिघांपैकी नेमका कोण भेटेल हे नशिबावर, म्हणून इथे भाव एवढा वरखाली होतो.

याला सगळ्यात स्वच्छ उदाहरण पोर्शेचे आहे. ९११ जीटी३च्या ९९१ पिढीची गाडी: ३.८ लिटरचे इंजिन, ४७५ अश्वशक्ती, मिनिटाला नऊ हजार फेऱ्यांपर्यंत पळणारे. २०१४च्या सुरुवातीला युरोपात दोन गाड्यांना आग लागली. तपासात कनेक्टिंग रॉडचे स्क्रू सैल होत असल्याचे आढळले. त्यामुळे क्रँककेस फुटते, तेल बाहेर येते आणि पेटते. पोर्शेने जगभरच्या ७८५ मालकांना गाडी चालवू नका असे कळवले आणि मार्चमध्ये त्या सर्व गाड्यांची इंजिने बदलून देण्याचे जाहीर केले. पुढे काही वर्षांनी याच पिढीच्या इंजिनावरची हमी दहा वर्षांपर्यंत वाढवली. या ७८५ गाड्यांच्या बाबतीत हिशोब उलटा झाला. इथे मूळ इंजिन असलेली गाडी सापडली तर तीच भीतीची. बदललेले इंजिन हा तिच्या धडधाकटपणाचा दाखला. तोच बदल, तीच कंपनी, तेवढेच काम. एका गाडीला डाग आणि दुसरीला आधार. फरक इतकाच, की इथे बदलाचे कारण जगजाहीर होते आणि प्रत्येक गाडीमागे कारखान्याचा कागद होता.

न्यायालयातही असा एक खटला चालला, आणि तत्त्वज्ञानाच्या वर्गात शिकवावा इतका तो चांगला आहे. ‘ओल्ड नंबर वन’ नावाची बेंटले स्पीड सिक्स. १९२९ आणि १९३० अशी सलग दोन वर्षे तिने ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली; दोन्ही वेळा वुल्फ बार्नाटो चालकांपैकी एक होता. शर्यतींची गाडी म्हणजे दर हंगामात उघडायची आणि नव्याने बांधायची. १९३२ मध्ये तिच्यात आठ लिटरचे मोठे इंजिन बसवले गेले. त्याच वर्षी ब्रुकलंड्सच्या ट्रॅकवर भीषण अपघात झाला आणि चालक क्लाइव्ह डनफी ठार झाला. बार्नाटोने ती पुन्हा उभी केली, या वेळी बंद छपराची कूपे म्हणून. साठेक वर्षांनी तिचा सौदा झाला १ कोटी पौंडांना. घेणाऱ्या कंपनीने ऐन वेळी हात आखडता घेतला: ही ती गाडी नाहीच, १९२९चे हिच्यात जवळजवळ काहीच उरलेले नाही. १९९० मध्ये न्यायमूर्ती ऑटन यांनी एकेका भागाचा इतिहास तपासला. घेणाऱ्याचे म्हणणे भागांपुरते खरे निघाले. तरी निकाल विकणाऱ्याच्या बाजूने लागला. तर्क असा, की गाडीचे भाग टप्प्याटप्प्याने बदलत गेले, पण एका क्षणी ती संपली आणि दुसरी सुरू झाली असे कधी झाले नाही. ‘ओल्ड नंबर वन’ म्हणून दुसरी कोणतीही गाडी दावा करत उभी नाही. तिची कहाणी सलग आहे. मूळ भागांची नसली तरी ती अस्सल तीच.

घाटकोपरचा एखादा श्रावक आणि रमाबाई नगरातला एखादा उपासक हा निकाल वाचून दोघेही मान डोलावतील. एक म्हणेल पर्याय बदलले, ध्रौव्य राहिले. दुसरा म्हणेल कोयीपासून आंब्यापर्यंत साखळी तुटली नाही.

आपल्याकडे एक गाडी अशी आहे, जिच्यात धातूपेक्षा कहाणीचे वजन उघड दिसते. सचिन तेंडुलकरने २००२ मध्ये डॉन ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केली, आणि मायकेल शूमाखरच्या हस्ते त्याला लाल फेरारी ३६० मोडेना मिळाली. आयातशुल्काच्या माफीवरून देशभर वाद झाला. अखेर शुल्क भरले गेले. मुंबईच्या रस्त्यांवर पहाटे ती दिसली की लोक सांगत फिरत. २०११ मध्ये त्याने ती सुरतेच्या एका व्यावसायिकाला विकली. समजा, तिचे व्ही-एट इंजिन उद्या बदलले. इटलीतला संग्राहक तिच्या भावात काट मारेल. पण ती सचिनची फेरारी राहणार नाही, असे म्हणायला शिवाजी पार्कपासून सुरतेपर्यंत कोणी धजावेल का? तिचे ध्रौव्य कोणत्याही नंबरावर कोरलेले नाही, आणि म्हणूनच ते कोणाला घासून काढता येत नाही.

इथे धर्माचा प्रश्न उभा राहतो, कारण कहाणी सांगणारा माणूस असतो आणि माणूस गप्प बसू शकतो. भारतीय करार कायदा, १८७२च्या कलम १७ मध्ये फसवणुकीची व्याख्या आहे, आणि तिथले घोड्याचे दाखले कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतात. लिलावात घोडा विकताना तो सदोष आहे हे विकणाऱ्याला माहीत आहे, पण तो काहीच बोलत नाही: ही फसवणूक नाही. घेणारी त्याचीच नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर मात्र सांगणे त्याचे कर्तव्य. आणि घेणारा म्हणाला, की तू नाकारले नाहीस तर घोडा धड आहे असे मी समजेन, तर त्या क्षणी गप्प राहणे म्हणजे बोलणेच. व्यावसायिक डीलरला १९८६च्या आणि आता २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने याहून जास्त बांधले आहे. दुरुस्त किंवा पुन्हा बांधलेला माल नवा म्हणून विकणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. पण एका मालकाने दुसऱ्या मालकाला घरगुती सौद्यात गाडी दिली, घेणाऱ्याने इंजिनाचे विचारले नाही आणि विकणाऱ्याने सांगितले नाही, तर कायदा फारसा मदतीला येत नाही.

जैन आचार इथे कायद्याच्या पुढे जातो. गृहस्थाच्या अचौर्य अणुव्रताला पाच अतिचार सांगितले आहेत, म्हणजे व्रत मोडले नाही तरी त्याला डाग लावणारी कृत्ये. चोरीला प्रोत्साहन देणे, चोरीचा माल घेणे, राज्याचे निर्बंध ओलांडून व्यापार करणे, खोटी वजनमापे वापरणे, आणि पाचवा प्रतिरूपक व्यवहार: अस्सलासारखा दिसणारा माल अस्सल म्हणून देणे. ही यादी दीडेक हजार वर्षांहून जुनी आहे, आणि इंजिनाच्या धंद्यातली प्रत्येक लबाडी तिच्यात बसते. कागद नसलेले इंजिन स्वस्तात घेणे म्हणजे दुसरा अतिचार, कारण ते कोणाच्या चोरीला गेलेल्या गाडीतले आहे हे न विचारण्यातच स्वस्ताई असते. आरटीओत नोंद न करणे तिसऱ्याच्या जवळ जाते. मीटर मागे फिरवणे चौथा. आणि नव्या क्रँककेसवर जुना नंबर ठोकून ‘मूळ इंजिन’ म्हणून देणे हा पाचव्याचा शुद्ध नमुना. पर्युषणात संवत्सरीच्या प्रतिक्रमणात श्रावक हे अतिचार आठवून क्षमा मागतात. घाटकोपरच्या उपाश्रयांत दरवर्षी हे घडते, आणि बसलेल्यांत गाड्यांचे व्यापारी असणारच.

बौद्ध आणि जैन तत्त्वज्ञान वस्तूच्या टिकण्याबद्दल एकमेकांशी भांडले, आणि तसे भांडणे योग्यच होते. बाजार कसा चालतो याचे वर्णन नागसेनाचे जास्त अचूक वाटते: गाडी हे खरोखरच एक नाव आहे, आणि नावाला किंमत लोकांच्या मान्यतेतून येते. पण बाजारात कसे वागावे हे समंतभद्रांच्या तीन गिऱ्हाइकांकडून जास्त कळते. काय गेले, काय आले आणि काय राहिले, हे तिन्ही सांगितल्याशिवाय सोन्याबद्दल खरे बोलल्यासारखे होत नाही. ‘गाडी एकदम फर्स्ट क्लास आहे, इंजिन नवं आहे’ हे खरे वाक्यही त्या कसोटीवर अपुरे पडते, कारण त्यात फक्त मुकुट आहे.

तिन्ही सांगायचे म्हणजे प्रत्यक्षात काय, तर एक फाइल. इंजिन का बदलले याचा वर्कशॉपचा अहवाल, विम्याचा दावा केला असेल तर सर्व्हेअरचा कागद, नव्या इंजिनाचे बिल आणि ते कुठून आले त्याची पावती, कंपनीने बसवले असेल तर हमीपत्र, नवा नंबर चढलेली आरसी. जुने इंजिन दुरुस्त होण्यासारखे असेल तर तेही विकून न टाकता गाडीबरोबर द्यावे. जुन्या मौल्यवान गाड्यांचे जाणते मालक असे मोडके मूळ इंजिन पेटीत जपून ठेवतात, कारण पुढच्या एखाद्या मालकाला ते पुन्हा बांधून मूळ जागी बसवावेसे वाटू शकते. घटाचे तुकडे आणि मुकुट दोन्ही हातात आले की पहिल्या गिऱ्हाइकाचे दुःखही बरेच हलके होते. मुंबईच्या दमट हवेत ते इंजिन तेल लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, जमिनीपासून उंच ठेवावे लागते, आणि घाटकोपरमध्ये तेवढी जागा मिळणे सोपे नाही. तरी ज्याला जमेल त्याने करावे.

हे सगळे उद्याच्या सौद्यापुरतेच नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांचे नियम आणले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते, तिच्या नंबर प्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येते, नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये. अट अशी, की चेसिसमध्ये, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. २०१४च्या जीटी३ला पन्नास वर्षे २०६४ मध्ये होतील. त्या ७८५ पैकी एखादी तोवर वडाळ्याच्या आरटीओत अर्ज घेऊन आली, तर तिथल्या अधिकाऱ्याला ठरवावे लागेल, की कारखान्याने स्वतः, सगळ्याच गाड्यांत, पहिल्याच वर्षी बसवलेले दुसरे इंजिन हा फेरफार म्हणायचा, की तिचे मूळ स्वरूप.